दातांचं कारण

माझी वहिनी दात बनवते. दातांची डॉक्टर नव्हे ती. डॉक्टर पेशंटच्या तोंडात लगदा दाबून ठसा घेतात आणि पाठवून देतात. मग त्या ठशात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यात एकेक दात बसवायचा, शेवटी सगळं गरम पाण्यात पकवून, घासून, चकाकी आणून कवळी परत धाडायची. हे काम करणारी माणसं कुठल्या तरी मागच्या खोलीत बसलेली असतात आणि पेशंटला ती जन्मात दिसत नाहीत. वहिनी त्यातलीच. लग्नाआधीपासून ती त्याच प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर काम करते. समोर छोटी गॅसची ज्योत, हातात मेण कोरायचा चाकू आणि बाहीवर कायम प्लास्टर.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, त्यामुळे माणसं बघताक्षणी ओळखते असा माझा समज आहे. दादा म्हणतो, तो नुसता समजच आहे. तर वहिनी घरात आली तेव्हा मी तिला हसरी म्हणून ओळखलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. कोणी पाहुणा येऊन दिलखुलास हसला की तो गेल्यावर ती म्हणायची, "वरचे चार खोटे आहेत, आणि बसवणाऱ्याने घाईत बसवलेत." मग स्वतःच इतकी हसायची की खुर्चीचा हात धरावा लागायचा. ते हसणं हळूहळू गेलं. ते कधी गेलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण रडणंही त्याच्याबरोबरच गेलं, आणि घरात आरडाओरडा नाही म्हणून आम्ही सगळे सुखात होतो.

माझी भाची, म्हणजे दादा-वहिनीची मुलगी, आता सात वर्षांची आहे. हात पसरून ती स्वतःभोवती फिरत राहते, तिला चक्कर म्हणून येत नाही, म्हणून मी तिला भिंगरी म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. ती बोलत नसे. पाणी हवं असलं की आमचं मनगट धरून माठाकडे, म्हणजे जिथे पाणी असेल तिथे, ओढत न्यायची. डॉक्टरांनी या सगळ्याला एक लांबलचक नाव दिलं. त्या नावाने आमचं काही अडलं नाही आणि काही सुटलंही नाही. तिला साध्या शाळेत घेतलं, वर्गात तिच्यासाठी एक मदतनीस दिली, आणि बाहेरून स्पीच थेरपी लावा असं सांगितलं.

थेरपिस्टबाई चांगल्या होत्या, म्हणूनच त्यांच्याकडे जागा नव्हती. संध्याकाळच्या सगळ्या वेळा भरलेल्या. शिवाय संध्याकाळी भिंगरीचा पार पालापाचोळा झालेला असायचा. शाळेतून आली की ती जमिनीवर आडवी पडून पंख्याकडे बघत राहायची. रिकामी होती ती दुपारची वेळ, आठवड्यातून दोनदा, ऐन शाळेच्या मधोमध.

वहिनीने शाळा सुरू झाली तेव्हाच मुख्याध्यापिका बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "दवाखान्यासाठी मूल मधून नेता येतं. खासगी थेरपी म्हणजे शिकवणीच झाली. ती शाळा सुटल्यावर. आणि इथे आमची मदतनीस आहेच की." झालं, घोडं तिथेच अडलं.

तरी वहिनीने ती दुपारची वेळ घेतली. थेरपीच्या पहिल्या दिवशी ती प्रयोगशाळेतून तशीच धावत शाळेत गेली. काय सांगायचं हे काही ठरवलेलं नव्हतं. दारावरच्या कारकुनाने विचारलं, "मधूनच कुठे नेताय?" आणि ती म्हणाली, "दातांचं काम आहे." ती खोटं बोलायला गेली नव्हती. तिच्या दुपारी दातांचंच काम असतं, तोंडातून तेच बाहेर पडलं. कारकुनाने तिच्या बाहीवरचं प्लास्टर पाहिलं, चेहरा पाडला आणि विचारलं, "फार आहे का हो?"

"बरेच दिवस चालेल," वहिनी म्हणाली.

रात्री भांडी विसळताना तिने मला हे सांगितलं. मला इतकं हसू आलं की हातातला कप निसटला. भिंगरीच्या दातांना कीड कधी शिवलेली नाही. अख्ख्या घरात तिच्यासारखे दात कोणाचे नाहीत. "शाळेला पटलं?" मी विचारलं. "पटलं," वहिनी म्हणाली आणि कपाचे तुकडे गोळा करायला लागली.

मग तेच चालू राहिलं. त्या दोन दिवशी ती पहाटे कामाला जायची, म्हणजे मालक दुपारी जेवणाची सुट्टी लांबवू द्यायचे. शाळा, बस, थेरपी, बस, शाळा, परत टेबल. जेवण बसथांब्यावर उभ्या उभ्या, एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात पोरगी. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठे ना कुठे कोणी तरी मधल्या मजल्यावर अडकलेलं असतंच, त्यामुळे त्याच्या भरवशावर काही ठेवता येत नाही. मला दुकानात दुपारीच गर्दी. मी सकाळी भिंगरीला शाळेत सोडायचे, तेवढंच. वहिनीचे हाल बघून माझ्या जिवाची चिडचिड व्हायची. तिची होत नव्हती. "दमलीस का?" विचारलं तर "नाही" म्हणायची. "कंटाळलीस?" "नाही." मग काय वाटतंय ते तरी सांग, असं एकदा मी ओरडलेच. ती विचार करून म्हणाली, "काही नाही वाटत."

थेरपी म्हणजे काय हे मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच निघालं. थेरपिस्टबाई साबणाचे फुगे काढायच्या आणि थांबायच्या. नुसत्या थांबायच्या. भिंगरी हात ओढायची, पाय आपटायची, नळीकडे बोट करायची. बाई प्रेमाने बघत गप्प. मूल मागेपर्यंत वाट बघणं हाच त्यातला मोठा भाग. वहिनी बाहेर बाकावर बसून दाराच्या फटीतून बघायची. कितीतरी महिने काहीच झालं नाही. मग एके दुपारी भिंगरी म्हणाली, "अजून." पुढे काही आठवड्यांनी, "अजून दे."

ते वहिनीने फोनवर टिपलं होतं. जेवताना तिने आम्हाला दाखवलं, बसचं तिकीट दाखवावं तसं. मी तर ताटावरच रडायला लागले. दादा हात धुवायला उठला आणि बेसिनपाशी बराच वेळ राहिला. वहिनीने फोन चार्जिंगला लावला.

घरातही मग एकेक शब्द यायला लागला. नको. दार. आत्या, तेही फक्त माझ्याकडे खाऊ असला की, पण मी तेवढ्यावर खूश. शाळेत मात्र शून्य. मदतनीस बाई, पोरं तिला मावशी म्हणतात, भेटली की सांगायची, "गुणी आहे हो तुमची. काही म्हणजे काही त्रास नाही." थेरपिस्टबाईंना याचं नवल वाटायचं. त्या म्हणायच्या, पोरांच्या गलक्यात तर मुलं आधी बोलतात.

वर्ष संपत आलं तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी वहिनीला फोन केला. मुलीने वर्षभरात वर्गात एक शब्द काढलेला नाही, पुढच्या वर्गात सगळं तोंडी असतं, तेव्हा तिला वेगळ्या शाळेत पाठवावं असं आमचं मत झालंय. एकदा समोरासमोर बोलू.

ती वेगळी शाळा वहिनीने पूर्वीच पाहिली होती. स्वच्छ होती, शिकवणाऱ्या बायका मायाळू होत्या, पडदेसुद्धा धुतलेले. पण वहिनी त्या वर्गात बराच वेळ बसली होती आणि तेवढ्या वेळात एकही मूल बोललं नव्हतं.

"जाऊ दे ना तिकडे," दादा म्हणाला. "तुझीही फरफट वाचेल."

"बोलणाऱ्या पोरांत राहिली तरच बोलेल ती."

"वर्षभर राहिलीच आहे की."

 वहिनीने फोन काढला आणि तो फुग्यांचा व्हिडिओ लावला. "हा दाखवते त्यांना. ती बोलते हे दिसेल तरी."

"आणि कुठे काढलाय विचारलं तर?" दादा म्हणाला. "मागे त्या बाईंचं कपाट दिसतंय. कुठल्या दवाखान्यात दात काढताना साबणाचे फुगे सोडतात?"

"घरी काढलाय म्हणेन," वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "वन्सं, सोबत याल का?" एरवी ती मला "अगं" म्हणते. वन्सं म्हणाली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. मी दुकानात दुपारपर्यंतची रजा टाकली.

मुख्याध्यापिका बाईंची खोली लहान होती. टेबलावर खडूंचे खोके, खिडकीत वाळत घातलेली पोरांची चित्रं. मावशीलाही बोलावलं होतं. ती दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसली होती. माझी सगळी तयारी भांडायची होती. बाई वाईट वागल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या तशा वागल्या नाहीत. त्यांनी वहिनीला पाणी दिलं, मुलगी गोड आहे म्हणाल्या, आणि मग तेच सगळं पुन्हा सांगितलं, फोनवरच्यापेक्षा हळू आवाजात.

वहिनीने फोन पुढे केला. "एकदा हे बघा."

बाईंनी चष्मा लावून बघितलं. फुगे, भिंगरीचा हात, मग ते दोन शब्द. त्यांनी परत लावायला सांगितलं. "घरचं का?"

"हो," वहिनी म्हणाली.

मावशी उठून मागे येऊन बघत होती. तिने एकदम तोंडाला हात लावला. "अगं बाई, बोलते की ही. टाके निघाले वाटतं सगळे?"

"कसले टाके?" बाईंनी विचारलं.

"तोंडातले. वर्षभर दातांचं काम चाललंय ना बिचारीचं. म्हणून तर मी तिला बोलायला लावतच नाही." मावशी वहिनीकडे वळली, आणि तिला वाटलं की आता आपलं कौतुक होणार. "तुम्ही काळजी करू नका, मी फार जपते तिला. सफरचंद देत नाही, कडक बिस्किट देत नाही. काही हवं असलं तर तिने बोटही करायच्या आत मी आणून देते. पोरांनाही सांगून ठेवलंय, तिला काही विचारू नका, तिचं तोंड दुखतं. शहाणी आहेत पोरं, कोणी विचारत नाही तिला."

 मला हे समजायला थोडा वेळ लागला. वहिनीला लागला नाही. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, फक्त फोन धरलेला हात खाली मांडीवर आला.

"तिला बोलावून बघू या का?" बाई म्हणाल्या.

मावशी जाऊन भिंगरीला घेऊन आली. बाईंनी टेबलावरून रंगीत खडूंचा एक खोका दिला. मावशी गुडघ्यांवर बसली आणि खोका दाखवत म्हणाली, "पाहिजे का बाळा? सांग बरं."

भिंगरीने खोक्याकडे पाहिलं. मग ती मावशीच्या अगदी जवळ गेली, मान मागे टाकली, आणि मोठा आ करून उभी राहिली. डोळे वर दिव्याकडे. कोणी तरी आत बघून होईपर्यंत तशीच उभी.

मावशीचा चेहरा उतरला. "मी बघते ना रोज," ती म्हणाली. "सूज आहे का, रक्त येतंय का. तेवढं एकच बघते मी तिचं."

वहिनी पुढे झाली आणि सवयीने वाकून तिने आत पाहिलं. एकही दात किडलेला नव्हता. तिने भिंगरीची हनुवटी हलकेच वर ढकलून तोंड मिटवलं.

"हिच्या दातांना काहीही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी तिला थेरपीला नेत होते. दुपारी. व्हिडिओ तिथलाच आहे."

"म्हणजे वर्षभर आमच्याशी खोटं बोललात?"

"हो."

"का पण?"

"तुम्ही नाही म्हणाला होतात म्हणून."

बाई रागावल्या, आणि त्यांचा राग मला मान्य आहे. शाळेवर विश्वास नव्हता तर मूल का ठेवलं, मावशीचं वर्ष फुकट घालवलं, मुलीचंही घालवलं, हे सगळं त्या बोलल्या. वहिनी मान हलवून ऐकत होती. मी मध्ये तोंड घालणार होते, पण काय बोलणार? पोरीला बोलतं करायला जो वेळ तिने जिवावर उदार होऊन काढला, त्या वेळासाठी दिलेल्या कारणानेच अख्ख्या वर्गाला गप्प केलं होतं. यात मी कोणाच्या नावाने बोटं मोडायची, तेच मला समजेना.

शेवटी बाई थकल्यासारख्या मागे टेकल्या. "मुलगी बोलत नाही असं मी ठरवून बसले होते," त्या म्हणाल्या. "पण तिला कोणी काही विचारलेलंच नाही, तर मी ते कशावरून ठरवलं? सत्र संपेपर्यंत थांबते मी. मावशी तिला रोज विचारतील. आणि ती पूर्ण वेळ वर्गात राहील. दुपारचं ते बंद. कबूल असेल तर बघा."

"कबूल आहे," वहिनी म्हणाली. तिने थोडा वेळ मागितला असता तरी चाललं असतं.

शाळेच्या फाटकाशी उभं राहून तिने थेरपिस्टबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या असणार की जागा धरून ठेवता येणार नाही, कारण वहिनी म्हणाली, "माहितीये मला. द्या तुम्ही कोणाला तरी." फोन ठेवला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती म्हणाली, "दोन वरच्या कवळ्या आज द्यायच्यात," आणि बस आली तशी चढून गेली. मला तिथे रस्त्यात मोठ्याने रडावंसं वाटत होतं, तिच्या वाटचंसुद्धा.

त्यानंतर भिंगरी शाळेत सगळा वेळ बसू लागली. वहिनीने मावशीला फाटकाशी गाठून शिकवलं: विचारायचं आणि गप्प बसायचं, उत्तर आपण द्यायचं नाही, वस्तू हातात धरून ठेवायची, चेहरा हसरा. मावशीला ते फार जड गेलं. ती आयुष्यभर पोरांच्या मागे धावून द्यायला शिकलेली. रिकाम्या हाताने बसणं तिला पाप वाटायचं. तरी ती करत राहिली. रोज शाळा सुटली की वहिनी विचारायची, आणि मावशी मान हलवायची. "आ केला." दुसऱ्या दिवशीही, "आ केला." पोरांनाही आता सांगितलं होतं की तिचं तोंड बरं झालंय, तिच्याशी बोला. पण पोरांची सवय मोडली होती. त्यांना तिचा विसर पडला होता.

घरी भिंगरी "अजून" म्हणायचीही कमी झाली. दादाने ते बोलून दाखवलं, वहिनीने नाही. ती कवळ्या बनवत होती, डबे भरत होती. एकदा मी तिला विचारलं, वेगळ्या शाळेत गेलीच तर काय करायचं? "जाईल," ती म्हणाली. "बस घरासमोरून जाते." तिने बसचीही चौकशी करून ठेवली होती, आणि ते सांगताना तिचा आवाज दुधाची पिशवी संपलीय सांगतानाचाच होता. मला तिची भीती वाटायला लागली होती.

सत्राच्या शेवटच्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघी गेलो. पोरं चित्रांच्या गुंडाळ्या घेऊन बाहेर पडत होती. मावशी एरवी फाटकाच्या आत उभी राहते; त्या दिवशी ती भिंगरीला घेऊन पार रस्त्यापर्यंत आली.

"आज आ केला नाही तिने," मावशी म्हणाली.

वहिनी जागीच थांबली.

"मी रंगांची पेटी धरली आणि विचारलं, पाहिजे का. तर तोंड मिटूनच उभी राहिली. ओठ असे घट्ट. माझ्याकडे बघत होती, खरंच माझ्याकडे, दिव्याकडे नाही. मी वाट बघितली, तुम्ही सांगितलीत तशी. फार वाट बघितली. मग सुट्टी झाली."

"म्हणजे बोलली नाही," वहिनी म्हणाली.

"नाही बोलली. पण बोलायचं होतं हो तिला. माझं ऐका, बोलायचं होतं." मावशीने डोळे पुसले. "मी मोठ्या बाईंकडे जाऊन सांगून आले. म्हटलं, वर्षभर मी नुसती तिच्या तोंडात डोकावत बसले, ती माझी चूक आहे, मला अजून एक वर्ष द्या.  बाई म्हणाल्या, वर नाही घालत, याच वर्गात परत बसवते. तुम्हाला त्या फोन करतीलच."

वहिनीने मावशीचे आभार मानले, नीट, रीतसर. भिंगरीचा हात धरला आणि आम्ही निघालो. मी मनात आकडेमोड करत होते की दुपारी नाही तर शनिवारी कोणी थेरपिस्ट मिळेल का, मालकांना कसं पटवायचं, दादाला कसं जुंपायचं. वळणावर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाजूला कोणी नाही.

वहिनी मागे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. भिंगरी तिच्यासमोर उभी राहून शटरवरच्या रेघांवरून बोट फिरवत होती. मी परत गेले.

"अगं, मला भीती वाटतेय," वहिनी म्हणाली.

"कशाची?"

"पुढच्या वर्षीही नाही बोलली तर." ती बाहीवरचं प्लास्टर नखाने खरवडत होती. "मला फार भीती वाटतेय गं."

मी तिला धीर दिला नाही. असं काही नाही होणार, असंही म्हणाले नाही. कित्येक दिवसांत तिला काही वाटलेलं मी पाहिलं नव्हतं. वाटू दे, म्हटलं मनात, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.